नातीचे मणी आणि त्यांचे वेज

मुलांना काही जमवण्याचा नाद लागला की घरातली मोठी माणसे आधी जागेचा आणि मग पैशांचा हिशेब करू लागतात. मण्यांच्या बाबतीत या दोन्ही हिशेबांची गरज पडत नाही. माझ्या नऊ वर्षांच्या नातीचा सगळा संग्रह सध्या माझ्या गोळ्यांच्या एका जुन्या डबीत मावतो. सोमवार ते रविवार असे सात कप्पे असलेली ही प्लॅस्टिकची डबी मी टाकून देणार होतो, ती तिने मागून घेतली. सोमवारात काचेचे, मंगळवारात दगडाचे, बुधवारात हाडाचे, शिंगाचे आणि शिंपल्याचे अशी वाटणी असून रविवारचा कप्पा ‘ठाऊक नाही’ या वर्गासाठी राखून ठेवलेला आहे. तोच कप्पा सर्वांत जास्त भरलेला असतो, आणि माझ्या मते तो तसाच असावा.

मूळ भांडवल घरातलेच आहे. ठाण्याच्या नौपाड्यातले आमचे जुने घर पुनर्विकासासाठी रिकामे करताना माझ्या आईची तुटलेली पोत, शिवणाच्या डब्यातले सुटे काचमणी, मण्यांच्या एका तोरणाचे अवशेष आणि देव्हाऱ्यातली अर्धवट उसवलेली स्फटिकाची माळ एवढा ऐवज निघाला. पुढे बाजारपेठेत मंगळसूत्रे गाठवून देणाऱ्या एका पटवेकऱ्यांनी मुलीचे कुतूहल पाहून आपल्या बरणीच्या तळाशी साठलेले मूठभर उरलेसुरले मणी तिच्या ओंजळीत ओतले. विकत घेतलेला असा या संग्रहात जवळजवळ एकही मणी नाही, आणि याचे कारण पुढे सांगतो.

मुले मणी प्रथम रंगाने लावतात. दिसायला ते सुंदर दिसते, पण ओळख पटवण्याच्या कामी रंगाचा उपयोग फार थोडा, कारण काचेला कोणताही रंग देता येतो, दगड रंगवता येतो आणि प्लॅस्टिकला तर कशाचेही सोंग घेता येते. म्हणून मी तिला सोनार डोळ्याला लावतात तसले, दहापट मोठे दाखवणारे भिंग आणून दिले आणि एकच नियम घालून दिला की आधी मण्याचे वेज, म्हणजे दोरा ओवण्याचे भोक, पाहायचे, बाकी सगळे नंतर. मणी बनवणारा बाहेरचा पृष्ठभाग घासून, तापवून, चकाकी देऊन हवा तसा करतो. वेजाच्या आत मात्र फारसे कोणी हात घालत नाही, त्यामुळे मणी कसा घडला याची खूण तिथे टिकून राहते.

काचेचे मणी मुख्यतः तीन रीतींनी होतात. पहिल्या रीतीत वितळलेल्या काचेच्या गोळ्यात हवेची पोकळी धरून त्याची लांब, बारीक नळी ओढतात आणि पडवळाच्या चकत्या कराव्यात तसे तिचे तुकडे करतात; अशा मण्यात अडकलेले हवेचे बुडबुडे लांबट होऊन वेजाच्या दिशेनेच पसरलेले दिसतात. दुसऱ्या रीतीत वितळलेल्या काचेची धार लोखंडी सळईभोवती गुंडाळतात. त्यात बुडबुडे आणि काचेतल्या रेषा वेजाला वळसा घालून जातात, आणि सळई काढून घेतल्यावर आतून थोडी भुकटी किंवा खरखर राहते. तिसरी रीत साच्याची, तिथे कडेने गेलेली सांध्याची बारीक रेघ नखालाही लागते. हे तीन भेद नातीला एका दुपारी समजले. समजले म्हणण्यापेक्षा तिच्या बोटांना कळले, असे म्हणणे अधिक बरोबर होईल, कारण त्यानंतर ती नुसता मणी चिमटीत फिरवूनच सांगू लागली.

काळ्या मण्यांनी आम्हा दोघांनाही चकित केले. पोतीतले काळे मणी हे सगळे सारखेच, त्यात ओळखण्यासारखे काय आहे, असा तिचा प्रश्न होता. मोबाइलची बॅटरी उताणी ठेवून तिच्या प्रकाशावर एकेक मणी धरला, तेव्हा काही मण्यांची कड गर्द जांभळी दिसली, काहींची बाटलीसारखी हिरवी, तर एक-दोन तपकिरी निघाले. काचेत रंगद्रव्य फार दाट झाले की डोळ्याला ती काळी दिसते. जांभळी छटा बहुधा मँगनीजमुळे येते आणि हिरवी किंवा तपकिरी बहुधा लोहामुळे. एकाच पोतीत दोन छटांचे मणी सापडणे म्हणजे ती पोत मधल्या काळात तुटून दुसऱ्या मण्यांनी पुन्हा ओवली गेली असण्याची शक्यता. माझ्या आईच्या पोतीत असे तीन प्रकार आहेत. वाटीजवळचे मणी जांभळ्या कडेचे असून त्यांच्या वेजाची तोंडे दोऱ्याने झिजून गुळगुळीत झालेली आहेत, तर मागच्या बाजूचे मणी अजून धारदार आहेत.

ओढीव काचमण्यांचा विषय निघाला की दक्षिणेकडे वळावेच लागते. पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडू येथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आणि त्याच्याही आधी असे बारीक, एकरंगी मणी मोठ्या प्रमाणावर तयार होत होते, आणि याच प्रकारचे मणी पूर्व आफ्रिकेपासून आग्नेय आशियापर्यंत ठिकठिकाणी मिळतात. त्यांना ‘इंडो-पॅसिफिक मणी’ हे नाव पीटर फ्रान्सिस या मण्यांच्या अभ्यासकाने रूढ केले. आंध्र प्रदेशातील पापनायडूपेट या गावात ही जुनी रीत आजच्या काळापर्यंत चालत आली आहे. तिथे लोखंडाच्या लांब पोकळ नळीवर काचेचा गोळा घेऊन तो भट्टीत धरतात आणि पुढून काचेची नळी अखंड ओढत राहतात. तिचे तुकडे झाले की वेज बुजू नये म्हणून ते राखेत मिसळून पुन्हा तापवतात, म्हणजे धारा गोल होतात. हे वाचून दाखवल्यावर नातीने तोरणातले लाल मणी पुन्हा भिंगाखाली घेतले. त्यांतल्या बऱ्याच मण्यांची एक बाजू जाड आणि एक बारीक होती, म्हणजे नळी किंचित तिरकी कापली गेली होती. साच्यातून असा मणी निघत नाही.

दगडाच्या मण्यांत अकीक आमच्या घरापासून दिसतो तितका दूरचा नाही. पारसिकचा डोंगर, येऊरच्या टेकड्या आणि एकूणच आपल्या पायाखालचा काळा पाषाण हा सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे, आणि त्या लाव्ह्यातल्या पोकळ्यांत सिलिकायुक्त पाणी झिरपून जे थरावर थर बसले त्यांतून अकीक तयार झाला. गुजरातेत भडोचजवळच्या रतनपूर भागातून हा दगड खंभातला जातो आणि तिथे त्याचे मणी होतात. पिवळसर दगडातल्या लोहाला उष्णता दिली की तो तांबडा होतो, आणि तांबड्या अकीकाचा रंग बहुतेक वेळा असा भट्टीतून आलेला असतो. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणहून भडोचकडे गाड्या भरभरून अशा प्रकारचा दगड जात असे, असा उल्लेख आहे, आणि त्याच ग्रंथात सोपारा व कल्याण या आपल्या बंदरांचीही नावे आहेत. शाळेच्या पुस्तकात हे ओळीभरात येते. हातात मणी असला की मुलगी नकाशा उघडून पैठण ते भडोच हे अंतर स्वतः मोजते.

अकीकाचे वेज दोन्ही टोकांकडून पाडलेले असते, म्हणजे आत मधोमध दोन भोके मिळतात तिथे बारीकशी पायरी किंवा किंचित वाकडेपणा दिसतो. हडप्पा काळातल्या कारागिरांनी लांबलचक तांबड्या मण्यांना अतिशय कठीण दगडाच्या सामत्याने, म्हणजे भोक पाडायच्या हत्याराने, अशी वेजे पाडली, आणि त्यांचे काही मणी पार मेसोपोटेमियातल्या उरच्या राजघराण्याच्या कबरींत सापडले. आज खंभातमध्ये हिऱ्याचे टोक बसवलेले सामते वापरतात. रंगवलेला अकीक मात्र वेजावरूनच उघडा पडतो, कारण रंग भेगांत आणि वेजाच्या काठाला जास्त मुरतो आणि तिथे गडद रेघ उमटते. आमच्या मंगळवारच्या कप्प्यातला भडक निळा मणी असाच निघाला.

मोती आणि पोवळे यांबद्दल थोडक्यात सांगतो. खरे मोती एकमेकांवर हलके घासले तर सूक्ष्म खरखर लागते, काचेचे आणि प्लॅस्टिकचे गुळगुळीत सरकतात. खऱ्या पोवळ्यावर भिंगातून बारीक समांतर रेषा दिसतात. आंतरजालावर सांगतात ती तापलेल्या सुईची परीक्षा मुलांच्या हाती मुळीच देऊ नये, त्यात मणीही बिघडतो आणि बोटही भाजते. गुंजांच्या माळा घरात असतील तर त्या संग्रहातून सरळ बाहेर काढाव्यात, कारण गुंजेच्या बीत अत्यंत तीव्र विष असते आणि वेज पाडलेली गुंज अखंड गुंजेपेक्षा अधिक धोक्याची असते. जुन्या काचेत आणि रंगात शिसे असू शकते, म्हणून मणी तोंडात घालायचा नाही आणि काम झाल्यावर हात धुवायचे, हे दोन नियम आमच्याकडे भिंगाच्या नियमाइतकेच कडक आहेत.

तिला सर्वांत रमवणारा भाग वजनाचा आहे. एका मण्याचे वजन घरच्या काट्यावर नीट येत नाही, म्हणून एकाच प्रकारचे मूठभर मणी घेऊन ते छोट्या डिजिटल काट्यावर तोलायचे, मग सुई नसलेल्या मोठ्या सिरिंजमध्ये ठरावीक पाणी घेऊन त्यात सोडायचे आणि पाणी किती वर चढले ते वाचायचे. वेजात हवा अडकू नये म्हणून सिरिंज हलकेच टिचकावी लागते. ग्रॅमला मिलिलिटरने भागले की साध्या काचेचे उत्तर 2.5च्या आसपास येते, शिशाच्या जड काचेचे 3च्या वर जाते आणि प्लॅस्टिकचे बहुधा 1 ते 1.4च्या दरम्यान राहते. स्फटिक 2.65 असल्यामुळे तो काचेपासून या रीतीने वेगळा काढणे घरच्या साधनांना झेपत नाही. तिथे पुन्हा भिंगच घ्यावे लागते, कारण गोल बुडबुडा दिसला की ती काच. देव्हाऱ्यातल्या स्फटिकाच्या माळेत असे बुडबुडे भरपूर आहेत. हे आजीला कोणी सांगायचे, यावर काही दिवस खल झाला आणि अखेर कोणीच सांगितले नाही.

आता ‘जुना’ या शब्दापाशी येतो. मणी कशाचा आहे हे घरी बऱ्यापैकी ठरवता येते, पण तो कधीचा आहे हे नुसत्या मण्यावरून ठरवणे फार अवघड आहे, कारण एकच घाट शेकडो वर्षे चालू राहतो. बाहेर लाल आणि आत पांढरा असा दुपदरी मणी व्हेनिसमध्ये एकोणिसाव्या शतकात प्रचंड प्रमाणावर झाला, पण तसाच मणी आज भारतातही होतो. पुरातत्त्वज्ञाला काळ सांगता येतो तो मणी ज्या थरात, ज्या वस्तूंच्या संगतीत मिळाला त्यावरून. जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे येथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले, ते सुमारे 25,000 वर्षांपूर्वीचे ठरले, ते त्या थरामुळेच. नेवाशाला एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली आणि तांब्याच्या क्षारांमुळे आतल्या दोऱ्याचे धागेसुद्धा टिकून राहिले होते. तेच मणी कोणी उकरून पिशवीत भरून विकले असते, तर ती नुसती तांब्याची हिरवी टिकली ठरली असती.

म्हणूनच ‘सिंधू संस्कृतीचा अस्सल मणी’ म्हणून विकायला ठेवलेली वस्तू मुलासाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ती खोटी असेल तर पैसे गेले, आणि खरी असेल तर ती कुठल्यातरी स्थळाची लूट आहे. 1972च्या पुरावशेष कायद्यानुसार साधारणपणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरते आणि ती परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. 1878चा निखात निधी कायदा तर जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्यास सांगतो. कान्हेरीला किंवा सोपाऱ्याच्या स्तूपाला गेलो तर जमिनीवरचे काहीही उचलायचे नाही, हे नातीला सांगून ठेवले आहे. त्यावर तिने, पाहून चित्र काढले तर चालेल का, असे विचारले. अर्थातच चालेल.

तिच्या वहीत प्रत्येक मण्याला क्रमांक, मापे, वेजाचे चित्र आणि ‘कोणाकडून’ हा रकाना आहे. दिवाळीच्या सुटीत धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला, म्हणजे प्राचीन तगरला, जाऊन तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयातले मणी पाहण्याचा आमचा बेत आहे. मुंबईला सिंधू संस्कृतीच्या दालनात गेलो होतो तेव्हा तिने अशी तक्रार केली होती की कपाटातल्या माळा ओवून ठेवल्या की वेजच दिसत नाही. तेरला जाताना जवळचे स्पष्ट दाखवणारी छोटी एकडोळी दुर्बीण बरोबर घ्यायची, म्हणजे माळेच्या टोकाचा एखादा मणी तरी काचेपलीकडून वाचता येईल, असे तिने ठरवले आहे.