तुम्ही विचारलंत म्हणून : भर मे महिन्यात गाडीनं कायले जाता?

हा प्रश्न पारावर येतो, लग्नाच्या पंगतीत येतो, पुण्याच्या मावसभावाच्या फोनवर तर हमखास येतो. ४५ अंशांच्या उन्हात म्हातारे आईबाप आणि दोन लेकरं गाडीत कोंबून यवतमाळ जिल्ह्यातून कोकणात कायले जाता? रेल्वे नाही का? दिवाळीत जा न बाप्पा!

दिवाळीत आमच्या वावरात कापूस फुटलेला असतो, वेचायला बाया मिळत नसतात आणि हरभऱ्याची पेरणी डोक्यावर असते. पुढे तूर. पऱ्हाटी उपटून, नांगरून, शेणखत टाकून झालं की मिरग लागेपर्यंत जे काय दिवस उरतात तेवढेच शेतकऱ्याचे. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे आणि विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटाकडे उघडतात, तेही जुळतं. तेव्हा मे महिना आम्ही निवडला नाही, तोच उरला.

आता उन्हाचं. आम्ही पहाटे तीनला निघतो आणि अकराच्या आत सावली गाठतो. दुपारी चारपर्यंत गाडी हलत नाही. बोनेटपुढे कापडी छागल टांगलेली असते. ट्रकवाल्यांची जुनी विद्या आहे ही. कापडातून पाणी पाझरतं, वारा लागला की वाळतं आणि आतलं पाणी गार राहतं. पोरगी तिला 'आपला फ्रिज' म्हणते. आई दुधात भिजवलेल्या दशम्या, तिळाची चटणी आणि प्रत्येकाच्या खिशात एकेक कांदा देते. कांद्यानं ऊन लागत नाही यावर माझा विश्वास नाही, पण कांदा ठेवतो. आईशी वाद घालण्यापेक्षा ते सोपं आहे.

कारंज्याला समृद्धीवर चढतो. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा हा रस्ता २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण झाला. रस्ता सरळ, सिमेंटचा, झोप आणणारा. घरून निघण्याआधी, टायर थंड असतानाच टायरमधली हवा बघून घ्यायची. तापलेल्या टायरची हवा जास्त दिसली म्हणून कमी करायची नाही. हे मी पहिल्या वर्षी उलटं केलं होतं. बाकी या रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. बाबा मात्र दोन्ही बाजूंना बघत बसतात आणि मधूनच म्हणतात, "वावरं चांगली होती इथं."

संभाजीनगरला उतरून पुणे, मुक्काम, मग ताम्हिणी घाट. धबधबे कोरडे असतात म्हणून मे महिन्यात गर्दी नसते, हा आमचा फायदा. घाट उतरून माणगावावरून दापोलीकडे वळलं की माती तांबडी व्हायला लागते. रेल्वेत झोपून गेलो असतो तर हे दिसलं नसतं. बाबांनी पहिल्यांदा एका चिरेखाणीपाशी गाडी थांबवायला लावली. जांभ्याचे चिरे कापून रचून ठेवले होते. चिऱ्याची धूळ चिमटीत घेऊन चोळली, फुंकली.

"यात पऱ्हाटी येनार नाई," ते म्हणाले. मग जरा वेळानं, "आपून मातीत पेरतो अन् हे मातीले कापून घर बांधते. बरं हाय. दरसाल बी तं घ्या लागत नाई."

पण मला सांगायचं आहे ते हर्णैचं. तिथल्या मासळीच्या लिलावाला गेलो. आई माळकरी, तिनं नाकाला पदर लावला. पोट्टे पुढे पळाले. समोर सुवर्णदुर्ग, अलीकडे होड्या, आणि समुद्रात बैलबंडी. खरोखरची बंडी, पाण्यात चाकं अर्धी बुडालेली, होडीतून मासळीच्या टोपल्या तिच्यात उतरत होत्या. लाट आली की पाणी बैलांच्या पोटाला लागायचं. बैल कान हलवायचे, बस.

बाबा चपला हातात घेऊन पाण्यात गेले. ७१ वर्षांचा माणूस, समुद्र पहिल्यांदा बघत होता, आणि त्यांनी समुद्राकडे ढुंकून पाहिलं नाही. बैल बघितले. डाव्या बाजूच्या बैलाच्या वशिंडाला हात लावला. बंडी बाहेर आल्यावर वाकून खूर पाहिले, खुरांच्या बेचकीत बोट घालून वाळू काढली आणि बंडीवाल्याला विचारलं, "खाऱ्या पान्यानं खूर सडत नाई काय?"

त्याला 'सडत' एवढंच कळलं असावं. तो म्हणाला, "रोज गोड्या पाण्यानं धुतो, बाबानूं."

मग दोघं उकिडवे बसले. नाल कोण मारतो, किती दिवसांनी, पेंड कसली, पावसाळ्यात बंदर बंद झालं की बैल काय करतात. एकाची वऱ्हाडी, दुसऱ्याची कोकणी वळणाची बोली, अर्धी वाक्यं हातवाऱ्यांत. मागे लिलाव चालू होता. आईचा पदर कधीच खाली आला होता आणि ती एका बाईला पापलेटचा भाव विचारत होती, कापसाच्या गाडीपाशी उभं राहून विचारावा तसा. खायचं नाही, घ्यायचं नाही, पण भाव माहीत पाहिजे.

तिथून दाभोळला फेरीबोटीवर गाडी चढवून खाडीपलीकडे धोपाव्याला उतरलो. बोट सुटल्यावर आईनं गाडीचा हँडब्रेक दोनदा तपासायला लावला. गुहागरला पोरं दोन दिवस पाण्यातून बाहेर आली नाहीत, त्याचं वेगळं काय लिहायचं.

परतताना कुंभार्ली घाट चढताना गाडी तापली. काटा लाल रेघेवर. झाडाखाली उभी केली आणि मी छागलीतलं पाणी घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला निघालो, तर एका ट्रकवाल्यानं हाताला धरून मागे ओढलं. तापल्या इंजिनाचं झाकण उघडलं की उकळतं पाणी तोंडावर येतं. अर्धा तास थांबलो. याच डोंगराच्या पोटातून कोयनेचं पाणी खाली पोफळीच्या वीजघराकडे येतं, हे मी बाबांना सांगितलं. नदी जाणार पूर्वेला कृष्णेकडे, तिचं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला सोडून वीज काढली. बाबांनी नीट ऐकून घेतलं.

"एवढी वीज काढते तं आपल्या मोटारीले रातीच काऊन येते?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. गाडी थंड झाली होती, निघालो.

पंढरपूर ही आईची अट. ती पुरी झाल्यावर लेकरांची अट, ताडोबा. ताडोबा महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान, १९५५ चं, आणि आमच्या शेजारच्या जिल्ह्यात. तरी आम्ही ते शेवटी ठेवतो, कारण वाघ बघायचा तर उन्हाळाच पाहिजे. पाणवठे आटतात, उरतात तेवढ्यांवर सगळे येतात. मंगळवारी गाभ्यातल्या फेऱ्या बंद असतात हे विसरून मी मंगळवारी पोहोचण्याचा बेत केला होता. बायकोनं आधीच बुधवारचं बुकिंग करून ठेवलं होतं म्हणून निभावलं.

सकाळी वाघीण दिसली. ती पाण्याकडे पाठ करून आली आणि मागच्या पायांनी उलटी उलटी पाण्यात उतरली, गळ्यापर्यंत बसली. गाईडनं सगळ्यांना चूप केलं होतं. आई कुजबुजली, "तिलेही गर्मी होते न."

घरी आलो त्या रात्री बाबा पारावर बसले. वाघीण एका वाक्यात उरकली, पांडुरंग दोन वाक्यांत. बाकी तासभर हर्णैचे बैल. ऐकणाऱ्यांत शेजारचे काका होते, ते बैलबाजारातले जुने माणूस. त्यांनी शेवटी विचारलं, "अन् तिकडं जोडी कितीले भेटते?"

बाबा गप्प झाले. तेवढंच विचारायचं राहून गेलं होतं. घरात आले आणि मला म्हणाले, "पुढच्या साली आधी तिकडंच जाऊ. पंढरपूर मागून."

आईनं ते ऐकलं आहे. तो वाद अजून मिटायचा आहे.