ज्याचं मीठ खाल्लं

लेकीकडे मिल्टन कीन्सला पाच आठवडे राहून आले. त्यातले चार दिवस लंडनला दिले, ते गर्दीत आणि जिन्यांतच सरले. ऑक्सफर्डला दिवसभर पाऊस होता. बसून लिहावं असं वाटलं ते एकाच दुपारबद्दल, बकिंगहॅमशायरमधल्या मिडल क्लेडन या चिमुकल्या गावातल्या.

तिथे जायचं ठरलं ते लेकीमुळे. ती हॉस्पिटलमध्ये काम करते. फ्लॉरेन्स नाइटिंगेलची बहीण या गावातल्या व्हर्नी घराण्यात दिलेली होती, आणि नाइटिंगेल इथे येऊन राहायची. तिची खोली बघायची असं लेकीच्या मनात कधीचं होतं. जावई गाडी चालवत होते. नव्या रेल्वेमार्गासाठी तो सगळा भाग उकरून ठेवलाय, दोनदा रस्ता बदलून जावं लागलं. शेवटी मेंढ्यांच्या कुरणातून एक वळण घेतलं तर समोर वाडा आणि त्याला अगदी खेटून चर्च.

आजचा वाडा अठराव्या शतकातला आहे. ज्यानं बांधला तो कर्जात बुडाला आणि बराचसा भाग पुढे पाडून टाकावा लागला. आतलं लाकडी कोरीवकाम बघून लोक थक्क होतात. मला ते फार दाटीचं वाटलं, डोळा कुठे ठरतच नाही. जिन्याच्या कठड्याला मात्र लोखंडी गव्हाच्या ओंब्या आहेत, त्या मी वाकून बघितल्या. एकेक कुसळ वेगळं केलंय. कुणी जिना चढलं की त्या सळसळतात म्हणे.

एका दालनात माझे गुडघे बोलायला लागले. तिथे देखरेखीला बसलेले आजोबा, ऐंशीच्या आसपासचे असावेत, मला बघून उठले आणि स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी नको नको म्हणत होते, त्यांनी ऐकलं नाही. त्या माणसाचं मला फार अप्रूप वाटलं. मग उभ्या उभ्या त्यांनी जी हकिगत सांगितली, तिच्यामुळे बाकी सगळं माझ्या मनातून पुसलं गेलं.

सतराव्या शतकात या जमिनीचा धनी होता सर एडमंड व्हर्नी. खंडाच्या उत्पन्नावर चालणारं घर, पण राजा पहिल्या चार्ल्सच्या दरबारात मोठी नोकरी. १६४० मध्ये एडमंड आणि त्याचा थोरला मुलगा राल्फ, दोघंही पार्लमेंटवर निवडून गेले. बाप विकमचा, मुलगा एल्सबरीचा सभासद. त्या काळात गावाकडच्या या जमीनदारांचा राजावर राग साठत चालला होता. शेजारच्याच जॉन हॅम्पडननं राजाची जहाजपट्टी द्यायला नकार दिला होता. रक्कम होती वीस शिलिंग. पार्लमेंटला न विचारता कर बसवायचा राजाला अधिकार आहे का, एवढ्या एका मुद्द्यावर १६३७ मध्ये खटला उभा राहिला आणि पुढच्या वर्षी बारांपैकी सात न्यायाधीशांनी राजाच्या बाजूनं निकाल दिला.

राल्फ बाकावर बसून गुडघ्यावर कागद धरून पेन्सिलीनं टिपणं घ्यायचा. ४ जानेवारी १६४२ ला राजा शिपाई घेऊन हॅम्पडनसकट पाच सभासदांना पकडायला थेट सभागृहात घुसला, त्या दिवसाचं टिपणही त्याच्या हातचं आहे. पाखरं आधीच उडाली होती. त्यानंतर काही महिन्यांतच राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटलं. मुलगा पार्लमेंटच्या बाजूनं राहिला आणि बापानं राजाचं निशाण हाती घेतलं.

आणि इथे मला गलबलून आलं, कारण बापालासुद्धा राजाचं म्हणणं पटलेलं नव्हतं. राजानं तडजोड करावी असंच त्याचं मत होतं, आणि ते त्यानं मित्राला स्पष्ट बोलून दाखवलं. पण जवळजवळ तीस वर्षं मी त्याची भाकरी खाल्ली, आता त्याला सोडून जाण्याइतका हलका होणार नाही, असं तो म्हणाला. ते भाकरी म्हणतात, आपण मीठ म्हणतो. २३ ऑक्टोबर १६४२ ला एजहिलच्या लढाईत तो पडला. देह सापडलाच नाही. निशाणाच्या काठीला घट्ट धरलेला तुटका हात तेवढा सापडला आणि बोटात राजाचं चित्र असलेली अंगठी होती, असं घराण्यात सांगत आले आहेत. तेव्हा राल्फ अठ्ठावीस वर्षांचा होता. धाकट्या भावानं, जो बापासारखाच राजाकडे गेला होता, लढाईच्या आधी त्याला लिहिलं होतं की आम्हाला तुझे शत्रू व्हावं लागतंय यानं काळीज फाटतं. पुढे १६४९ मध्ये आयर्लंडमध्ये ड्रॉइडाला तो भाऊही मारला गेला.

आमच्या घरी एका निवडणुकीपायी माझे वडील आणि काका यांचं बोलणं तुटलं ते कायमचं. वाड्याच्या मधोमध भिंत आली. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. म्हणून मला वाटतं ही गोष्ट ऐकताना मी खुर्चीत नुसती बसून राहिले, लेक दोनदा बोलवायला आली तरी.

राल्फचं पुढं काय झालं, ते तर त्याहून अवघड. १६४३ मध्ये त्याच्याच बाजूच्या लोकांनी स्कॉटलंडशी करार केला आणि प्रत्येक सभासदानं त्याची शपथ घ्यावी असा आग्रह धरला. धर्माबद्दलची ती शपथ त्याच्या मनाला पटेना. त्यानं सही केली नाही. बायको मेरीला घेऊन तो फ्रान्सला, ब्ल्वा गावी निघून गेला. दोन वर्षांनी पार्लमेंटनं त्याला गैरहजर म्हणून काढून टाकलं, जमिनीवर जप्ती आणली. ज्या पक्षासाठी बापाविरुद्ध उभं राहायचं, त्याच पक्षानं घर काढून घ्यायचं! तरी तो राजाकडे गेला नाही. ही एकट्यानं उभं राहायची ताकद मला फार मोठी वाटते. रणांगणावर निशाण धरण्याइतकीच.

जप्ती उठवली ती मात्र मेरीनं. राल्फच्या मामानं, डॉक्टर डेंटननं, कळवलं होतं की बायका आत्ताइतक्या उपयोगाच्या कधीच नव्हत्या. हे वाक्य ऐकून माझी लेक तडकली, आणि बरोबरच होतं तिचं. मेरी गरोदर असताना लंडनला आली, कमिट्यांचे उंबरे झिजवत राहिली. तिथेच बाळ झालं. १६४७ च्या पानगळीत ते बाळ गेलं, आणि त्याच सुमारास तिकडे ब्ल्वाला तिची लहानगी पेगही गेली. मधे समुद्र, आणि पत्र पोचायला कितीतरी दिवस. १६४८ च्या जानेवारीत जप्ती उठली. मेरी नवऱ्याकडे परतली आणि दोन वर्षांत तिकडेच वारली. राल्फनं तिचा देह क्लेडनला पाठवून पुरवला. पुन्हा लग्न केलं नाही.

हे सगळं कळतं कारण तो एकही चिठ्ठी फेकत नसे. स्वतः लिहिलेल्या पत्रांच्याही नकला ठेवायचा. या घराण्याची त्या शतकातली तीस हजारांहून जास्त पत्रं घराच्या वरच्या मजल्यावर पडून होती, ती एकोणिसाव्या शतकात बाहेर काढून लावली गेली. त्या कामाला आधी बसली ती नाइटिंगेलचीच बहीण.

वाडा अर्धा टाकून मी चर्चमध्ये गेले. तुम्ही गेलात तर आधी चर्च बघा. मी उलटं केलं आणि तिथे मला वीसच मिनिटं मिळाली, त्याची हळहळ अजून आहे. आत राल्फनं परदेशातून परतल्यावर उभारलेलं स्मारक आहे, १६५३ चं. चार अर्धपुतळे. आई, वडील, मेरी आणि तो स्वतः. ज्या राजाच्या विरुद्ध स्वतः उभा राहिला त्याचा निशाणधारी म्हणून बापाचं नाव त्यानं अभिमानानं कोरून घेतलंय, एजहिलच्या तारखेसकट. पार्लमेंटच्या बाजूनं युद्ध जिंकून राजाचं डोकं उडवलं, त्याला तेव्हा चारच वर्षं झाली होती. दोन वर्षांनी, राजाच्या जागी सत्तेवर बसलेल्या क्रॉमवेलनं राल्फलाच संशयावरून कैदेत टाकलं. राजेशाही परतली तशी बॅरोनेट ही पदवी मिळाली, आणि साठी उलटल्यावर तो पुन्हा पार्लमेंटमध्ये गेला, बकिंगहॅममधून. तिथे मतदार होते फक्त तेरा!

तो १६९६ पर्यंत जगला. म्हणजे त्रेचाळीस वर्षं, गावात असेल त्या प्रत्येक रविवारी, प्रार्थनेला आला की समोर स्वतःचा चेहरा, शेजारी मेरी.

लेक वाकून कोरलेली अक्षरं लावत होती. मेरीच्या वयापाशी थांबली. "आई, चौतीस," म्हणाली. लेकीला गेल्या चैत्रातच चौतीस पूर्ण झाली. मी तिचा हात धरला, तो चर्च बंद करायला माणूस येईपर्यंत सोडला नाही.