सोमवारचा खिमा

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी माझी भाची घणसोलीहून नेरूळला आमच्याकडे आली, ती शाकाहारी खिम्याचे फ्रोझन पाकीट घेऊनच. तिच्या आजीने पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहिला, वरचे नाव वाचून घेतले आणि विचारले, “अगं, नावच खिमा आहे, मग सोमवार पाळला कुठे?”

तरुण मुले असे वनस्पतीजन्य मांस का विकत घेतात, याची कारणे सांगताना पर्यावरण आणि प्राणिदया यांचा उल्लेख हमखास होतो. भाचीने यातले एकही कारण सांगितले नाही. तिघी मुली मिळून राहतात त्या फ्लॅटच्या मालकाची अट आहे की घरात मांसमच्छी तर नाहीच, पण अंडेही शिजवायचे नाही. जिममध्ये प्रथिने वाढवायला सांगितले आहे, आणि रोज बाहेरून चिकन मागवणे तिच्या पगारात बसत नाही. म्हणजे तिने मांस सोडलेले नाही (रविवारी आमच्याकडे सुरमई असली की ती न बोलावता येते), तिला फक्त मालकाला चालेल असे काहीतरी हवे आहे.

पहिले पाकीट मात्र तिने निव्वळ कुतूहलाने घेतले होते. रितेश आणि जेनेलिया देशमुख यांनी 2021 मध्ये इमॅजिन मीट्स ही असे मांस विकणारी कंपनी सुरू केली, पुढच्याच वर्षी विराट कोहली आणि अनुष्का शर्मा यांनी ब्लू ट्राइब या तशाच कंपनीत पैसे गुंतवले, आणि ओळखीचे चेहरे दिसल्यावर एकदा खाऊन बघायला काय हरकत आहे, असे तिला वाटले. माझ्या मते या चेहऱ्यांचे काम तिथेच संपते.

त्या दिवशी मी कांदा लालसर परतून, मालवणी मसाला घालून तो खिमा शिजवला. मटणाच्या खिम्याला पाणी सुटते, चरबी सुटते. हा उलट घातलेले तेल पिऊन कढईला चिकटला. मसाला झणझणीत लागला, पण घास चावताना आतला सोयाबीनचा वास लपला नाही. तेल काढल्यावर उरलेले सोयाबीनचे पीठ उष्णता आणि दाब देऊन यंत्रातून काढले की त्याला मांसासारखा धागा येतो, आणि वाण्याकडची सोयावडीही याच रीतीने तयार होते. शंभर ग्रॅम कोरड्या वडीत सुमारे 52 ग्रॅम प्रथिने असतात आणि ती पाकिटाच्या मानाने कितीतरी स्वस्त पडते, हा हिशेब महिनाअखेरीस भाचीलाही कळतो.

आजीने तो खिमा चाखला नाही. याच घरात ती श्रावणात कितीदा तरी सोयावडीचा रस्सा करते, त्यात हाच मालवणी मसाला असतो, आणि परत जाताना भाचीने डबा भरून नेला तोही त्याच रश्श्याचा. उरलेले अर्धे पाकीट आमच्या फ्रीजरमध्ये अजून तसेच आहे.