आमची वाटचाल : २०१९ मधली सहा नावांची यादी

आमच्या कंपनीच्या संस्थापकांनी, म्हणजे अण्णांनी, १९८८ मध्ये पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीत भाड्याने गाळा घेतला तेव्हा त्यात एक जुना लेथ, एक बेंच ग्राइंडर आणि दुसऱ्याच्या नावावरचं वीज मीटर एवढंच होतं. सकाळची पाळी एका मोठ्या कारखान्याच्या टूलरूममध्ये आणि संध्याकाळी गाळ्यावर, असं त्यांचं बरीच वर्षं चाललं. पहिला सीएनसी (संगणकावर चालणारा) लेथ २००४ मध्ये आला, व्हीएमसी (संगणकावरचंच मिलिंग मशीन) २०१० मध्ये. मी इंजिनिअरिंग आणि थोडी नोकरी करून २०१२ मध्ये कंपनीत आले. भोसरीतल्या कुठल्याही जॉबवर्कवाल्याची, म्हणजे दुसऱ्यांचे सुटे भाग मशीनवर करून देणाऱ्याची, गोष्ट थोड्याफार फरकाने अशीच निघेल. आम्हाला विचारलं जातं ते वेगळंच, विशेषतः नव्याने धंद्यात पडलेल्या पोरांकडून : २०१९ मध्ये तेवीसपैकी सहा माणसं कमी केलीत, ती निवडलीत कशी?

आधी काम का आटलं ते सांगते. आमचं निम्म्याहून जास्त काम ट्रकचं, प्रोपेलर शाफ्टला (इंजिनची ताकद चाकांकडे नेणाऱ्या दांड्याला) लागणाऱ्या फ्लँज योक या जोडभागाचं. फोर्जिंग पार्टीकडून, म्हणजे तापलेलं लोखंड ठोकून भाग घडवणाऱ्यांकडून येतं, आम्ही टर्निंग, बोअर आणि ड्रिलिंग करून परत देतो. जुलै २०१८ मध्ये सरकारने मालवाहू गाड्यांच्या आसावरच्या (एक्सलवरच्या) वजनाची मर्यादा वाढवली. वाहतूकदाराला जुन्याच ट्रकमध्ये जास्त माल भरता येऊ लागला, मग नवा ट्रक कशाला घ्यायचा? पाठोपाठ आयएल अँड एफएस ही मोठी वित्तसंस्था बुडीत निघाली आणि बिगरबँक वित्तसंस्थांनी गाड्यांच्या कर्जाचा हात आखडला. त्यात १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुरासाठीचा नवा नियम बीएस-६ लागू होणार, म्हणून जुन्या गाड्यांचा साठा करायला कोणी तयार नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये मोठ्या कंपन्यांचे ‘नो प्रॉडक्शन डे’ (उत्पादन बंद ठेवायचे दिवस) इतके झाले की आमच्याकडे गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीला काही अर्थच उरला नव्हता. शेड्युल, म्हणजे पार्टीची मागणी, एरवीच्या चाळीस टक्क्यांवर आलं होतं आणि कर्जाचे हप्ते मात्र शंभर टक्क्यांवरच होते.

ओव्हरटाइम बंद केला, दुसरी पाळी बंद केली, मी आणि अण्णांनी पगार घेणं थांबवलं. पंपाच्या बॉडीचं एक नवं काम मिळवलं, पण त्याचे नमुने मंजूर होऊन पैसा दिसायला पुढचं वर्ष उजाडणार होतं. सप्टेंबरमध्ये हिशेब मांडला तेव्हा दिसलं, की तेवीस जणांना सांभाळत राहिलो तर फार तर मार्चपर्यंत तग धरू आणि मग तेवीसच्या तेवीस घरी जातील.

यादी करायला बसलो. अण्णांनी एका वहीत आणि मी लॅपटॉपवर, वेगवेगळी. ठेवायच्या माणसांत अण्णांची पहिली नावं होती टर्नर काका आणि स्टोअरचे मामा. माझी होती सेटर (सीएनसीवर नव्या जॉबची जुळणी करून देणारा) आणि इन्स्पेक्शनच्या ताई. दोन याद्यांत कुठेच मेळ नव्हता.

अण्णांचं म्हणणं सरळ होतं. २००८ च्या मंदीत काकांनी कित्येक महिने अर्ध्या पगारावर काम केलं, कुठेही गेले नाहीत. मामा आमच्या गावचे, गाळ्याच्या किल्ल्या त्यांच्याकडे. आणि सेटर? तो दर दिवाळीला चाकणच्या कुठल्यातरी कंपनीचं ऑफर लेटर दाखवून पगार वाढवून घेतो. इन्स्पेक्शनच्या ताई साडेपाचला पर्स उचलतात आणि बस गाठतात. “या दोघांना कंपनीचं काय पडलंय?” असं अण्णा म्हणाले होते.

इथे मला एक प्रसंग सांगितला पाहिजे. त्याच वर्षीचा, मार्चअखेरचा, म्हणजे पार्टीला माल हवा असतो आणि आम्हाला बिल. टेम्पो गेटवर उभा, चलान तयार, आणि ताईंनी चाळीस योकवर लाल रंगाचा ठिपका दिलेला. बोअर गेज (भोकाचा व्यास मोजायचं साधन) खाली सरकवला की काटा सरकत होता; वरच्या आणि खालच्या टोकात वीस मायक्रॉनचा टेपर. ड्रॉइंगमध्ये तेवढी मुभा नव्हती. अण्णा केबिनमधून बाहेर आले, दोन नग स्वतः मोजले आणि म्हणाले, “जाऊ दे, बेअरिंग बसतंय.” ताईंनी रिपोर्टचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. “अण्णा, मग सही तुम्ही करा.” आवाज चढलेला नाही, चेहऱ्यावर काही नाही. अण्णांनी सही केली नाही, टेम्पो चाळीस नग कमी घेऊन गेला. त्या दिवशी ताईंची साडेपाचची बस चुकली, कारण उरलेला प्रत्येक नग त्यांनी परत मोजला. ओव्हरटाइम त्यांनी लावला नाही आणि आम्हीही विचारला नाही. पार्टीकडे तो माल पोचला असता तर आख्खी लॉट परत आली असती, वर सॉर्टिंगसाठी त्यांचे लोक आमच्या खर्चाने बसले असते.

अण्णांच्या वहीत निष्ठेचा एक रकाना होता, त्यात त्यांनी ताईंना काहीच दिलं नव्हतं. मामांना पैकीच्या पैकी. आता मामांचं काम बघा. इन्सर्टच्या (धातू कापणाऱ्या बदलत्या टोकांच्या) डब्या रजिस्टरमध्ये असायच्या, कपाटात नसायच्या. कपाटात असायच्या, रजिस्टरमध्ये नसायच्या. कोण उशिरा आलं, कोण फोनवर होतं, कोण दुसरीकडे इंटरव्ह्यूला गेलं, ही बातमी मात्र संध्याकाळच्या चहाला अण्णांपर्यंत अचूक पोचायची. मालकाला हे गोड वाटतं, मलाही वाटायचं. पण त्यामुळे पोरं स्टोअरमध्ये एखादी वस्तू मागायला गेली तरी तोंड शिवून जायची, आणि मशीनवर काही गडबड झाली तर ती मामांच्या कानावर जाऊ नये म्हणून दाबली जायची. दाबलेली गडबड रिजेक्शन होऊन बाहेर पडते. मी अण्णांना म्हटलं, मामा तुमच्याशी एकनिष्ठ असतील, कंपनीला ते महाग पडतात. दोन दिवस घरी बोलणं बंद होतं.

मग कायदा आणि पैसा. हा भाग कोणी उघड बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तेव्हा १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा लागू होता. एक वर्ष सलग नोकरी झालेल्या कामगाराला कमी करायचं तर महिन्याची नोटीस किंवा महिन्याचा पगार, आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचं वेतन भरपाई. शिवाय पाच वर्षं पुरी झाली असतील तर ग्रॅच्युइटी : शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. टर्नर काका १९९७ पासून आमच्याकडे. १८,००० रुपयांवर बावीस वर्षांची ग्रॅच्युइटी २,२८,००० च्या वर जाते, भरपाई दोन लाखांच्या आसपास. म्हणजे काकांना घरी पाठवायला सव्वाचार लाख. सेटरला येऊन दोन वर्षं झालेली, त्याला पाठवायला नोटीस धरून दोन पगार.

आता सांगा, तंगीत असलेला मालक कोणाला काढेल? ज्याला काढणं स्वस्त त्याला. आणि मग चार लोकांत सांगेल, की आम्ही जुन्या माणसांची कदर करतो. आमच्या ब्लॉकमध्ये त्या वर्षी असे कदरदान बरेच पाहिले. दुसऱ्या टोकाचेही पाहिले, ज्यांनी जुन्या माणसांकडून राजीनामे लिहून घेतले आणि हातावर पन्नास हजार ठेवले. त्याबद्दल जितकं कमी बोलावं तितकं बरं.

अण्णांनी एक गोष्ट फार पूर्वी केली होती : एलआयसीची ग्रुप ग्रॅच्युइटी, म्हणजे ग्रॅच्युइटीचा पैसा आधीपासून तिकडे साठवत जायचा. दरवर्षी हप्ता भरताना ते कुरकुरायचे, पण भरायचे. ती नसती तर मीही हा लेख कदरदानांच्या बाजूने लिहिला असता. भरपाईचे पैसे मात्र आम्हाला उभे करावे लागले. अण्णांची एक ठेव मोडली आणि दोन पारंपरिक मशीन विकली.

कायद्यात आणखी एक कलम होतं, शेवटी आला तो आधी जाणार. पण ते पूर्ण कंपनीला एकत्र लागू नव्हतं, कामाच्या श्रेणीनुसार लागू होतं, आणि क्रम मोडायचा तर कारण लेखी नोंदवायचं. ही ‘लेखी’ची अट मला फार उपयोगी पडली. आमच्या दोन सीएनसी ऑपरेटरांपैकी शेवटी आलेला पोरगा मला जास्त चलाख वाटत होता. कारण लिहायला बसले तर ‘चलाख आहे’ यापलीकडे वाक्य पुढे सरकेना. दोघांची रिजेक्शन जवळपास सारखी, सायकल टाइम सारखा, हजेरी सारखी. म्हणजे तो मला आवडत होता, एवढंच. तो गेला, आधीचा राहिला. स्टोअरमध्ये आणि रेडियल ड्रिलवर एकेकच माणूस, तिथे क्रमाचा प्रश्नच नव्हता. हेल्परमध्ये शेवटी आलेला गेला. ज्येष्ठता यादी फलकावर लावली, वकिलाकडून कागद तपासून घेतले.

राहिला लेथ विभाग. काका आणि त्यांच्या हाताखालचा एक टर्नर. काकांच्या हातात काय होतं हे सांगून कळणार नाही. घासून घासून पाचराचा आकार आलेलं टूल ते नुसत्या अंदाजाने ग्राइंडरवर धरायचे आणि पहिल्याच कटला फिनिश आरशासारखं यायचं. पण २०१९ मध्ये त्या लेथला आठवड्यातून जेमतेम दोन दिवस काम होतं, सॉफ्ट जॉ आणि फिक्स्चरचे, म्हणजे मशीनवर नग पकडायच्या साधनांचे, तुकडे. सीएनसी शिकायला आम्ही त्यांना दोनदा बसवलं होतं. पडद्यासमोर ते अवघडून उभे राहायचे आणि तिसऱ्या दिवशी कोणी न सांगता लेथवर परत जायचे. लेथ विभागच बंद करायचा असं मी ठरवलं. मशीन विकलं, दोघंही गेले.

अण्णांचा युक्तिवाद होता, की २००८ मध्ये त्याने आपल्याला सांभाळलं, आता आपण त्याला सांभाळायचं. मी म्हटलं, मान्य, ते आपलं देणं आहे. पण देणं आपल्या खिशातून द्यावं. काकांना नुसतं बसवून ठेवायचं म्हणजे त्यांच्या जागी ताई किंवा सेटर घरी जाणार, म्हणजे आपलं ऋण दुसऱ्याच्या पगारातून फेडायचं. म्हणून भरपाईवर आम्ही काकांना कायद्याने नसलेले चार महिन्यांचे पगार आणखी दिले. २००८ मध्ये त्यांनी सोडलेल्या रकमेचा अण्णांच्या जुन्या वहीतून हिशेब काढला, तो साधारण तेवढा भरला.

सांगायचं कधी, यावरही वाद झाला. दिवाळी होऊ द्या, असं सगळे म्हणतात. मी दसऱ्याच्या आधी सांगितलं. बोनसच्या भरवशावर लोक दसऱ्याला हप्त्यावर गाडी घेतात, गावी घराचं काम काढतात. नोकरी जाणार हे मालकाला माहीत असताना कामगाराने गाडीची बुकिंग करावी, हे मला बघवलं नसतं. बोनस प्रत्येकाला त्याच्या दिवसांप्रमाणे मिळाला.

प्रत्येकाशी मी वेगळं बोलले, अण्णा शेजारी बसले. रेडियल ड्रिलवरचा भाऊ चिडला, बोलला, दार आपटून गेला. त्याला हक्क होता. मामा अण्णांकडे बघत राहिले, माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. काकांच्या वेळी अण्णांचे डोळे आधीच भरले होते. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, “ताई, पैसे एकदम मिळणार का हप्त्याने?” एकदम, म्हटलं. “मग आळंदीच्या घराचा स्लॅब टाकून घेतो. पावसाळ्याआधी झाला तर बरं.” महिन्याभरात त्यांना चऱ्होलीजवळच्या एका फिक्स्चरवाल्याकडे तासावर काम मिळालं. आमचेच सॉफ्ट जॉ पुढे कित्येकदा तिथूनच बनून आले, आतल्या खर्चापेक्षा महाग, पण लागतील तेवढेच.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. उरलेल्या सतरा जणांचे पगार कसेबसे निघाले. तेवीस असते तर निघाले नसते. २०२१ मध्ये काम वाढलं तेव्हा कमी केलेल्यांना आधी विचारणं कायद्याने बांधून दिलेलं होतंच. तो सीएनसी ऑपरेटर परत आला. रेडियलवाल्या भावाने फोन उचलला नाही.

आणि सेटर त्याच वर्षी चाकणला गेला. “बघ,” अण्णा म्हणाले. मी बघितलं. जाण्याआधी त्याने प्रत्येक जॉबचा प्रोग्राम, ऑफसेट, कुठला इन्सर्ट किती नग चालतो, क्लॅम्प कुठे सैल पडतो, हे सगळं स्वतःच्या अक्षरात एका फाइलमध्ये लिहून ठेवलं होतं, आणि नव्या पोराला नोटीसचा पूर्ण महिना शेजारी उभं करून शिकवलं होतं. पगारवाढ मागताना तो जितका बेरकी, तितकाच या फाइलच्या बाबतीत चोख. अण्णांना मात्र तो आजही आवडत नाही.

नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्यात. कामगार कमी केला तर पंधरा दिवसांच्या वेतनाएवढी रक्कम आता त्याच्यासाठी पुनर्कौशल्य निधीतही (नवं काम शिकण्यासाठीच्या निधीत) भरावी लागणार आहे. त्याची तरतूद यंदापासून वेगळ्या खात्यात सुरू केली आहे. हजेरीशेजारी कौशल्यांचा तक्ता लावला आहे : कोणाला कुठलं मशीन किती येतं, चारपैकी किती घरं भरली. दर सहा महिन्यांनी माणूस आणि त्याचा शेजारी मिळून ती घरं भरतात, मी फक्त सही करते. निष्ठेचा रकाना त्यात नाही. अण्णांना तो हवा आहे, आणि तो कसा भरायचा यावर आमचं अजून एकमत व्हायचं आहे.