१४ आठवड्यांच्या वेण्या

शनिवारी सलून उघडताच खुर्चीत बसली ती पुण्यात शिकणारी एक केनियन मुलगी. कमरेपर्यंत बॉक्स ब्रेड्स, म्हणजे डोक्यावर छोटे चौकोन पाडून प्रत्येकातून कृत्रिम केसांची भर घालून विणलेल्या बारीक वेण्या. घालून १४ आठवडे झालेले. त्या ६ ते ८ आठवड्यांत सोडायच्या असतात. जुन्या आजच सोडा आणि नव्याही आजच घाला, एवढीच तिची मागणी.

मुळाशी दीड इंच नवे केस वाढले होते आणि कृत्रिम केस जिथून सुरू होतात तिथे तेलकट मळाचं करडं कडं. आदल्या रात्री तिने काही वेण्या सोडून तसंच डोकं धुतलं होतं. सगळा घोळ तिथे झाला. रोज ५० ते १०० केस गळतातच. वेणीत ते अडकून राहतात. १४ आठवड्यांचे मिळून किमान ४,९०० झाले. विंचरून ते काढण्याआधी पाणी लागलं की त्यांची जट होते. तशा तीन जटा मानेवर होत्या.

कात्री चालवली ती फक्त तिचे स्वतःचे केस संपतात त्याच्या दोन इंच खाली. प्रत्येक कड्यावर कंडिशनर आणि थोडं तेल लावलं, पाच मिनिटं थांबलो, मग शेपटीच्या कंगव्याच्या टोकाने ते उसवलं. गुंता आधी बोटांनी, मग रुंद दातांच्या कंगव्याने, टोकाकडून मुळाकडे. पाणी सगळ्यात शेवटी. दोघींना पाच तास लागले. जटा न कापता सुटल्या. गळालेल्या केसांचा ढीग बघून ती रडायला लागली, पण ते केस त्या दिवशी तुटलेले नव्हते, आधीच गळालेले होते.

खरी काळजी कानशिलांची होती. तिथे केस विरळ, बारीक पुटकुळ्या. ही चाई नव्हे, ओढीने पडणारं टक्कल. पुढचे चौकोन काडीएवढे घेतले होते आणि कृत्रिम केसांची भर मात्र मागच्या वेण्यांइतकीच. यात आफ्रिकन केसांचा दोष नाही: १९०७ साली याची नोंद झाली ती ग्रीनलंडमध्ये, केस घट्ट वर बांधणाऱ्या बायकांमध्ये. लवकर ओढ थांबवली तर केस परत येतात, मुळं मेली की येत नाहीत. म्हणून नव्या वेण्यांना मी नाही म्हटलं. तिच्याच केसांचे दोन पेडांचे सैल पीळ घातले आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं.

अडीच महिन्यांनी, पुटकुळ्या गेल्यावर आणि कानशिलावर लव दिसू लागल्यावर, बॉक्स ब्रेड्स घातल्या, पण बिनगाठीच्या. यात वेणी तिच्याच तीन पेडांनी सुरू होते, कृत्रिम केस चार-पाच वळणांनंतर थोडे थोडे मिसळत जातात, त्यामुळे मुळावर गाठही नाही आणि एकदम वजनही नाही. वेळ दीडपट लागतो, तो द्यावाच. मागे इंचाचे चौकोन, लांबी खांद्याखाली चार बोटं. कृत्रिम केस आदल्या दिवशी एक भाग व्हिनेगर, चार भाग पाणी यात अर्धा तास भिजवून, धुऊन वाळवले. नवीन केसांवरच्या लेपानेच अनेकींना खाज सुटते. टोकं उकळत्या पाण्यात बुडवून बंद केली, खांद्यावर जाड टॉवेल ठेवून.

भुवया उंचावायला सांगितलं: कपाळ ओढलं गेलं नाही. कानशिलांवरची बोटभर पट्टी वेणीत घेतलीच नाही. ती मोकळी ठेवून सातव्या आठवड्याची तारीख वहीत लिहिली.