पाच भावंडं, पाच तऱ्हा

रविवारी सकाळी मिसळ खाऊन सातपूरच्या घरी टेबलावर बसलो ते थेट संध्याकाळी उठलो. ७.१ मेगाहर्ट्झचा छोटा ट्यून्ड अॅम्प्लिफायर. म्हणजे त्याच फ्रिक्वेन्सीचा रेडिओ सिग्नल मोठा करणारं सर्किट. ५ मायक्रोहेन्रीची कॉइल, १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर, एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर. पहिल्याच फटक्यात चालला! मग गंमत म्हणून त्याच पाकिटातले आणखी चार ट्रान्झिस्टर आळीपाळीने लावले. एकाचं ट्यूनिंग सरकलं, दुसरा अँटेना न जोडताच शिट्ट्या मारायला, म्हणजे स्वतःच सिग्नल तयार करायला लागला.

दोष त्यांचा नाहीच. या नंबरचा गेन (करंट किती पट वाढतो ते) डेटाशीटवरच ११० ते ८०० असा पसरलेला. मी मात्र एकाच्या भरवशावर सर्किट बांधलेलं. कलेक्टर, म्हणजे ट्रान्झिस्टरचा आउटपुटचा पाय, थेट कॉइलच्या टोकाला, त्यामुळे ट्रान्झिस्टरचा कपॅसिटन्स २ पिकोफॅरडने बदलला की ट्यूनिंग ७० किलोहर्ट्झ हलणार. वर कलेक्टरकडून बेसकडे (इनपुटच्या पायाकडे) गळणारा सिग्नल, म्हणजे शिट्टीला आमंत्रणच.

दुपारी कॉइल सोडून पुन्हा गुंडाळली (आई म्हणाली, "अरे, स्वेटर विणतोस की काय?"). कलेक्टर टोकाऐवजी एक तृतीयांश वेढ्यांवर जोडला, म्हणजे टॅप केला. आता तेच २ पिकोफॅरड कॉइलला नवव्या हिश्श्याएवढेच जाणवतात, ट्यूनिंग जेमतेम ८ किलोहर्ट्झ हलतं. एमिटरला, म्हणजे तिसऱ्या पायाला, बायपास न केलेला (समांतर कपॅसिटर नसलेला) ४७ ओहमचा रेझिस्टर घातला. सर्किटचा गेन चांगलाच उतरला, जीवावर आलं. पण पाचही ट्रान्झिस्टर मुकाट चालले, ट्रिमरला (ट्यूनिंग जुळवायच्या छोट्या कपॅसिटरला) हात न लावता.

त्या शिट्टीवाल्याला मुद्दाम सर्किटातच ठेवलाय.