कोबेची तबकडी, नौपाड्याची पेटी

कोबे शहरात, मोतोमाची स्टेशनाजवळच्या एका तळघरात मी नेहमी जाते तो जॅझ किस्सा आहे. जपानीत किस्सा म्हणजे कॉफीचं दुकान. कॉफी मागवायची आणि गप्प बसून ऐकायचं, एवढाच तिथला नियम. मंद दिवे, माणसाच्या उंचीचे स्पीकर, आणि जी रेकॉर्ड वाजतेय तिचं कव्हर काउंटरवर उभं करून ठेवलेलं, म्हणजे कुणाला काही विचारावं लागू नये. अशी दुकानं जपानात युद्धाच्या आधीपासून आहेत. योकोहामातलं ‘चिगुसा’ १९३३ साली सुरू झालं. परदेशातून येणारी रेकॉर्ड साध्या माणसाला परवडायची नाही, म्हणून लोक एका कपाच्या पैशात ती तिथे येऊन ऐकायचे. सहा वर्षांत मी जॅझ ऐकायला शिकले ती या शांततेत.

ठाण्यात माझ्या मावसभावाकडे, नौपाड्यात, महिन्यातल्या एका रविवारी सात-आठ जण जमतात. ज्यानं त्यानं सध्या घरी लावलेली रेकॉर्ड आणायची आणि तिची एक बाजू सगळ्यांना ऐकवायची. बँकेतून निवृत्त झालेले एक जण शंकर-जयकिशन यांची १९६८ ची ‘रागा जॅझ स्टाइल’ घेऊन येतात. रईस खाँची सतार आणि सॅक्सोफोन शेजारी शेजारी. एक कॉलेजातला मुलगा सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनशिवाय दुसरं काही आणतच नाही. एक डॉक्टरीणबाई अमेरिकन पियानोवादक डेव्ह ब्रुबेक आणतात. ब्रुबेकच्या चौकडीची पाच मात्रांची ती प्रसिद्ध चीज, ‘टेक फाइव्ह’, लागली, की तबला शिकणारा बाईंचा भाचा मांडीवर तीन-दोन, तीन-दोन मोजत बसतो. ब्रुबेक १९५८ मध्ये मुंबईत येऊन वाजवून गेले होते, हे मला याच खोलीत कळलं. सोलो रंगात आला की इथे मध्येच ‘वा!’ जाते, पोह्यांच्या बश्या फिरत असतात, कुणी शेजारच्याला कोपरानं ढोसून ‘हे ऐक, हे ऐक’ म्हणतो. पहिल्या वेळी मी बावरले होते. आता कोबेच्या तळघरात बसलेली असताना ओठांवर आलेली दाद गिळावी लागते, आणि ती गिळताना त्रास होतो.

दादाकडे सुटकेसवाला साधा प्लेअर होता. जड सुईनं तबकड्या घासल्या जातात, म्हणून गेल्या गणपतीत मी कोबेहून १९७० च्या दशकातला एक जुना बेल्टड्राइव्ह, म्हणजे पट्ट्यानं थाळी फिरवणारा, प्लेअर घेऊन आले. फिरती थाळी वेगळी काढून साड्यांत गुंडाळली, सुई आणि ती जिच्यात बसते ती कार्ट्रिज पर्समध्ये. जपानात वीज १०० व्होल्टची, आपल्याकडे २३०, म्हणून लॅमिंग्टन रोडवरून ट्रान्सफॉर्मर आणला. सगळी जुळवाजुळव झाली आणि मी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ची पहिली बाजू लावली.

तिच्यावरची पहिली चीज ‘सो व्हॉट’. तिच्या आरंभी पियानो आणि बास लय न धरता संथ बोलत असतात. तिथे काही कळलं नाही. मग पॉल चेंबर्सच्या बासनं मुखडा धरला आणि बाकीच्या वाद्यांचं ते दोन सुरांचं उत्तर आलं. मला काहीतरी जड, झोपाळू वाटलं. वाटलं, खोली नवी, स्पीकर नवे. खालच्या मजल्यावरचे काका मात्र लगेच सरसावले. काका चाळीस वर्षं नाट्यसंगीताला पेटीची साथ करत आलेत, आणि आरतीसाठी काढलेली पेटी कोपऱ्यात होतीच.

“अगं, हे खूप खाली वाजतंय,” ते म्हणाले. “याची पट्टी पांढरी दोन. मी फोनवर रोज ऐकतो.”

त्यांनी भाता हलवला, पांढरी दोन, म्हणजे सप्तकातली दुसरी पांढरी पट्टी, दाबली. खोलीत दोन सूर एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले. मग काका एकेक पट्टी खाली येत गेले आणि खालच्या सप्तकातल्या पांढरी सातवर थांबले. तिथे बास आणि पेटी अशी मिळाली, की सगळेच गप्प झाले. दीड सुराचा फरक.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. व्होल्ट बघितले, पण हर्ट्झ, म्हणजे वीज सेकंदाला किती आवर्तनं घेते ते, बघायचं राहिलं होतं. जपानात विजेच्या दोन वारंवारता आहेत. १८९० च्या दशकात टोकियोनं जर्मन जनित्रं आणली, ५० हर्ट्झची. ओसाकानं अमेरिकन आणली, ६० ची. तो भेद आजही तसाच आहे, आणि कोबे ओसाकाच्या बाजूचं. माझ्या प्लेअरची जुन्या पद्धतीची मोटर विजेच्या वारंवारतेवर फिरते. ठाण्यात वीज ५० हर्ट्झची, म्हणून मिनिटाला ३३⅓ ऐवजी जेमतेम २८ फेरे होत होते. हा प्लेअर टोकियोत घेतला असता तर काही बिघडलं नसतं. ज्यांचा वेग क्वार्ट्झचा स्फटिक ठरवतो, त्या मशीनना तर हा प्रश्नच येत नाही.

इलाज सोपा होता: मोटरच्या टोकाची पुली १.२ पट व्यासाची बसवायची. दादानं वागळे इस्टेटमधल्या एका लेथवाल्याला गाठलं. त्यांनी जुनी पुली व्हर्नियरनं मोजली, पितळेचा तुकडा लावला आणि मध्यभागी केसभर फुगवटा ठेवून ती कातली. फुगवटा नसेल तर पट्टा घसरतो, ते म्हणाले. रेकॉर्डप्लेअर त्यांनी आयुष्यात उघडलेला नव्हता, पण पट्ट्यावर फिरणारं यंत्र म्हटल्यावर त्यांना काहीही समजावून सांगावं लागलं नाही. गरम पितळेचा तो पिवळा भुगा अजून माझ्या नोंदवहीच्या पानांत आहे.

वेग तपासायला १८० रेघांची कागदी चकती मिळते. ती फिरत्या थाळीवर ठेवायची आणि वर जुनी चोकवाली ट्यूबलाइट लावायची. आपल्या विजेवर ट्यूब दर आवर्तनाला दोनदा, म्हणजे सेकंदाला शंभरदा लुकलुकते. वेग बरोबर असेल तर दोन लुकलुकींमध्ये प्रत्येक रेघ पुढच्या रेघेच्या जागी येते आणि रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. एलईडीखाली हे बहुधा दिसत नाही, म्हणून आम्ही प्लेअर उचलून स्वयंपाकघरात नेला. रेघा थबकल्या. बाहेर पाऊस, ओट्यावर प्लेअर, आणि सगळे त्या काळ्या-पांढऱ्या रेघांवर वाकलेले.

पुढच्या रविवारी पुन्हा तीच बाजू. काकांनी पांढरी दोन धरली, ऐकलं, मान हलवली.

“आता जरा चढलंय गं. एखाद्या श्रुतीनं.”

मी चकती दाखवली, रेघा दाखवल्या. काकांनी दुसरी बाजू लावायला सांगितली. ‘ऑल ब्लूज’ पांढरी पाचवर चोख बसलं. मग पुन्हा पहिली बाजू: चढीच. मशीनचा दोष असता तर दोन्ही बाजू सारख्याच चढल्या असत्या, काका म्हणाले, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर रात्री वाचताना सापडलं. पहिल्या बाजूच्या तिन्ही चिजा २ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या ३० व्या रस्त्यावरच्या कोलंबिया स्टुडिओत झाल्या. त्या दिवशी मुख्य टेपयंत्र किंचित मंद चालत होतं. मंद टेपवर घेतलेलं योग्य वेगानं वाजवलं की सूर चढतो. दुसरी बाजू २२ एप्रिलची, ती बरोबर. स्टुडिओत जोडीला चालणारं दुसरं टेपयंत्र नीट होतं, आणि त्याच्या टेपवरून १९९२ च्या आवृत्तीत चूक दुरुस्त झाली. काकांच्या फोनवर ही दुरुस्त प्रत आहे. माझी जपानी तबकडी त्याआधीची. तेहतीस वर्षं ही रेकॉर्ड जगभर चढ्या सुरात विकली गेली. मी स्वतः ती त्या तळघरात आणि घरी मिळून शेकडो वेळा ऐकली होती, डोळे मिटून, श्वास रोखून.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांना हे सांगितलं, तर त्यांना नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. “इतकी मोठी माणसं वाजवत होती आणि टेप मंद चालतेय हे कुणाला कसं कळणार? ते तर बरोबरच वाजवत होते ना.” मग पेटीवर त्यांनी तो मुखडा आणि ते दोन सुरांचं उत्तर एकदा सावकाश वाजवून बघितलं. उत्तर येतं तिथे जरा थांबून, जागा सोडून. तसं मी कधी ऐकलं नव्हतं.

रेकॉर्ड मी ठाण्यातच ठेवली आहे. पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून दादा ती उभी ठेवतो, कपाटात सिलिकाच्या पुड्या टाकून. परवा त्यानं मला आतल्या कागदी पिशवीचा फोटो पाठवला. कोपऱ्यात काकांच्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलंय: बाजू १ – पांढरी दोन, चढी.